जांभळ्यात न बसणारा मामा

दादा,

जांभळ्या रंगानं माझा छळ मांडलाय. लव्हेंडर, वाइन, वांगी हे सगळे जांभळेच, तरी म्हणे एकमेकांशेजारी शोभत नाहीत. सख्ख्या भावंडांसारखेच!

माझ्या राजनंदिनीच्या लग्नासाठी तू मामाची पिवळी साडी आणलीस. ती म्हणाली, "मामा, आमची थीम लव्हेंडर आहे. पिवळं फोटोत लय भडक दिसंल."

"मामाच भडक दिसतोय म्हण की गं," म्हणत तू पाटणची एसटी धरलीस. मी लेकीला बोलले नाही, तुलाही अडवलं नाही.

उद्या अक्षता. मंगलाष्टकांना नवरीमागं मामा उभा लागतो. भटजींनी नाव विचारलं, मी तुझंच सांगितलं. पण 'ये' म्हणायला फोन लावते आणि रिंग व्हायच्या आत कापते. हे पत्रही घरातच राहील.

साडीच्या बदल्यात तुला फेटा द्यायचा राहिला होता. आज साताऱ्यातून केशरी आणला, कुंकू लावून तुझ्या नावानं पाटावर ठेवला.

तोंडाळ म्हणून गाजलेली, वेळेला मुकी,
मनू