खजुरीच्या नागूबाईंचा आवाज त्यांच्याच नावे

मी, अनसूया श्रीनिवासराव निंबर्गीकर, वय वर्षे वीस पूर्ण, अविवाहित, राहणार गुलबर्गा, हैदराबाद राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. लिहू नये यासाठी मात्र घरातून थोडी चालू आहे. माझे चित्त स्थिर आहे. गेले बारा दिवस ते आनंदाने जरा अधिक वेगाने धावत आहे एवढेच, आणि त्याचे कारण कलम पाचमध्ये दिले आहे.

येत्या गुरुवारी सोलापुरास माझ्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. डॉक्टर तिला किरकोळ म्हणतात. तथापि भूल दिलेल्या माणसाला आपले म्हणणे दुरुस्त करता येत नाही, आणि मला एक म्हणणे दुरुस्त करावयाचे आहे. आई, सौ. नलिनीबाई, हिने काल विचारले, "अगं, दवाखान्यात जायलीस की काशीला? एवढं काय लिहायलीस ते तरी सांग." वडिलांनी, ज्यांना मी अण्णा म्हणते, काही विचारले नाही. ते वकील आहेत. त्यांनी कोरे कागद दिले आणि डावीकडे समास सोडायला सांगितला.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. या पत्राची अंमलबजावणी अण्णांनी करावी.

कलम २. मॅट्रिकला मराठी माध्यमातून जिल्ह्यात पहिली आल्याबद्दल मिळालेले रौप्यपदक आईस द्यावे. ते आजही तिच्याच देवघरात आहे. माझी पुस्तके मी शिकले त्या मुलींच्या शाळेस द्यावीत. काका पांडुरंगराव यांनी माझ्या पेढ्यांच्या दिवशी सर्वांदेखत म्हटले होते, "हुशार आहे हो, पण चारचौघांत तोंडातून अक्षर निघेल तर शपथ." काकांना मी माझ्या तीन वह्या ठेवते. निघालेली सर्व अक्षरे त्यांत आहेत. त्यांनी त्या शेवटपर्यंत वाचाव्यात, ही अट आहे.

कलम ३. त्या वह्यांत काय आहे, हे सांगणे आता भाग आहे. सोलापूरच्या एका साप्ताहिकात दोन वर्षे 'एक श्रोता' या नावाने लोकगीतांच्या तबकड्यांची आणि जत्रा, उरूस, लग्नघरे येथे ऐकलेल्या गाण्यांची परीक्षणे येत आहेत. तो श्रोता मी आहे. ती पाकिटे मी 'मैत्रिणीला पत्र' असे सांगून टपालात टाकली. या असत्याबद्दल आईवडिलांची क्षमा मागते. उरुसातील कव्वाली मी बायकांच्या बाजूच्या कनातीआडून ऐकली. जत्रेतील कन्नड भजने देवळाच्या पायरीवर आईच्या चपला सांभाळत ऐकली. वाचकांना मात्र हा श्रोता साठीचा, उपरणे घेणारा गृहस्थ वाटतो. उदगीरच्या एका सद्गृहस्थांनी 'आपण तरुणपणी ऐकलेल्या जुन्या मैफलींच्या आठवणी लिहाव्यात' अशी विनंती केली, तेव्हा मी इंटरमीजिएटच्या परीक्षेची तयारी करीत होते.

कलम ४. माझा ग्रामोफोन अण्णांनी बदली होऊन गेलेल्या एका तहसीलदारांकडून मला बक्षीस म्हणून घेऊन दिला. गेल्या चैत्रात मी एका इंग्रजी पुस्तिकेत वाचून तो उघडला, तेल घातले, आणि वेग कमीजास्त करण्याची कळ पुसून परत बसवली. कळीच्या काट्यासमोर अठ्ठ्याहत्तर हा आकडा छापलेला आहे; तबकडीने मिनिटाला तितके फेरे घ्यावयाचे असतात. मी काटा त्या आकड्यावर आणला आणि छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला. शाळेत मला याच सवयीबद्दल बक्षिसे मिळत असत.

वैशाखात एक नवी तबकडी आली. एका बाजूस जात्यावरच्या ओव्या, दुसऱ्या बाजूस पेरणीचे गाणे; गाणाऱ्या नागूबाई, मुक्काम खजुरी, तालुका आळंद, वय बासष्ट. मी ती सहा वेळा ऐकली आणि लिहिले, ते येथे अक्षरशः उतरवते: "हा बासष्ट वर्षांच्या स्त्रीचा आवाज नव्हे. ही विशीतील मुलगी आहे. तिच्या हातातील बांगड्याही नव्या नवरीच्या किणकिणतात. जाते ओढताना दमणारा श्वास येथे कोठेही नाही. म्हातारीच्या नावावर मुलीकडून गाऊन घेऊन कंपनीने श्रोत्यांची फसवणूक केली आहे." हा परिच्छेद लिहून झाल्यावर मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी तो आरशासमोर मोठ्याने वाचला.

याचा परिणाम असा झाला की गुलबर्ग्यातील विक्रेते नरहरराव यांनी ती तबकडी फळीवरून काढून आत ठेवली, आणि शंका फिटेपर्यंत नागूबाईंचे दुसरे गाणे घ्यावयाचे नाही असे कंपनीने ठरवले. हे मला ठाऊक नव्हते. परीक्षण छापून आले की परीक्षक पुढच्या तबकडीकडे वळतो.

कलम ५. तुळशीचे लग्न झाल्यावर अण्णांचे पक्षकार श्रीपतराव यांच्या मुलीच्या लग्नास आम्ही खजुरीस गेलो. हळद दळण्यासाठी बायका जमल्या होत्या. मी सवयीप्रमाणे दाराजवळच्या कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले. जाते सुरू झाले आणि कोणीतरी गायले:

खजुरीच्या शिवारात तूर पिकली सोन्यावानी,
लेक सासरी निघाली, खळं दिसतं सुन्यावानी.

मी पुस्तक मिटले. आवाज खालचा, जाड, काठाला घासलेला. जाते मध्येच क्षणभर अडकले. आवाज अडकला नाही. तिसऱ्या ओवीचे शेवटचे अक्षर लांबवून, श्वास न घेता, तो थेट चौथ्या ओवीवर उतरला. तबकडीवर हीच श्वासाची खोड मी सहा वेळा ऐकली होती. अशी खोड दोन माणसांत सारखी असू शकत नाही.

शेजारी बसलेल्या बाईंना विचारण्यासाठी मला तीनदा तोंड उघडावे लागले. त्या नागूबाईंच्या सून, सुमनबाई, निघाल्या.

"यांचा... यांच्या गाण्याची तबकडी निघाली आहे का?"

"तवा व्हय? निघालाय की. पर पेपरात आलंय, त्यो आवाज आमच्या आत्याबाईचा न्हाईच म्हणून. सोलापूरकडचा कोण एक श्रोता हाय मेला. कामून इचारायलीस, अक्का?"

जात्याचा खुंटा न सोडता नागूबाई म्हणाल्या, "मी गायलेच न्हाई म्हणायलेत. मग त्या तव्यात कोण बसलीया, माजी सवत?"

बायका पोट धरून हसल्या. एकीने विचारले, "मग आज कोण गायलीया आत्याबाई, तुमी का सवत?"

"हसा, हसा," नागूबाई म्हणाल्या. त्या स्वतः हसत नव्हत्या. "आईनं ह्या ओव्या मला दिल्या. लेकीला द्याव्या तर लेक बाळंतपणात गेली. सून ही अशी, बेडकावानी गळा. माज्या माघारी त्यो एक तवाच ऱ्हानार हुता. त्यो बी माजा न्हाई म्हणले."

मी तेथे काहीही बोलले नाही. या पत्रातील सर्वांत जड वाक्य हेच आहे.

तबकडीवरचा चढा आवाज माझ्या यंत्राच्या वेगाचा तर नसेल, या शंकेने घरी येताच मी अण्णांचे खिशातील घड्याळ मागितले. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अशी सरकवली की तिचे टोक बाहेर राहील, आणि एका मिनिटात ते टोक माझ्यासमोरून किती वेळा जाते ते मोजले. अठ्ठ्याहत्तर व्हावयास हवे होते. अठ्ठ्याऐंशी झाले! पुन्हा मोजले, अठ्ठ्याऐंशी. आई म्हणाली, "शिकल्या-सवरल्या पोरी कागदाला गरगर फिरवायल्यात, आता काय म्हणावं." कळ मी एक खाच चुकवून बसवली होती. काटा खोटे सांगत होता आणि मी आठ महिने ते छापून आणत होते.

मी कळ सोडवली, नीट बसवली, फेरे पुन्हा मोजले आणि नागूबाईंची तबकडी लावली. काय सांगू! ती विशीतील मुलगी माझ्या डोळ्यांदेखत बासष्टची झाली. आवाज खाली आला, रुंद झाला. ओव्यांच्या मध्ये दमाची जागा उघडली. बांगड्या नव्या नवरीच्या न राहता वर्षानुवर्षे मनगटात रुतलेल्या झाल्या. मी इतक्या मोठ्याने ओरडले की आई पळी घेऊन धावत आली. तिला वाटले, पोटात पुन्हा कळ आली.

आणि मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जिच्यामुळे बारा दिवस माझे पाय जमिनीवर नाहीत. माझ्याकडे बेचाळीस तबकड्या आहेत. चैत्रानंतर आलेली त्यांतील एकही मी खरी ऐकलेली नाही, आणि जुन्याही परत ऐकल्या त्या खोट्याच! म्हणजे बेचाळीसही तबकड्या मला नव्याने मिळाल्या! एकतारीवरचे ते कन्नड तत्त्वपद, ज्याला मी 'घाईचे' म्हटले होते, ते चालत येणाऱ्या माणसाच्या गतीचे आहे. हैदराबादी दखनी बायकांची ढोलकीवरची लग्नगीते टिंगलीची नाहीत. त्या टिंगल करता करता रडत आहेत आणि हे वेग उतरल्यावरच कळते. सुंदरी, म्हणजे लहान सनई, वाजवणाऱ्याची फुंक आता दिसते, मी 'दिसते' हा शब्द विचारपूर्वक वापरते आहे. केवळ नौबादच्या भजनीबुवांची थोडी अडचण झाली आहे. त्यांच्या तानांच्या चपळाईवर मी पूर्ण स्तंभ लिहिला होता. ती स्तुती मी मागे घेत नाही. पण त्या चपळाईचा सुमारे नववा हिस्सा माझ्या यंत्राचा होता, हे त्यांना हळुवारपणे कळवावे.

कलम ६. या बेचाळीस तबकड्या मुलींच्या शाळेस द्याव्यात. परीक्षण लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलीने आधी चिठ्ठी लावून फेरे मोजावेत, आणि शक्य असेल तेथे गाणाऱ्या माणसासमोर जाऊन बसावे. एक त्रेचाळिसावी तबकडी शेजारच्या मालतीबाईंस द्यावी. त्यांनी ती दोन दिवसांसाठी नेली आणि पापडांच्या वाळवणाशेजारी उन्हात ठेवली. ती आता पापडांसारखीच मुरडलेली आहे. त्यांनी ती भिंतीवर लावावी.

कलम ७. ग्रामोफोन, सुयांच्या डब्यांसह, खजुरीच्या नागूबाईंस द्यावा, म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज योग्य वेगात ऐकता येईल.

कलम ८. दुरुस्ती मी साप्ताहिकाकडे लगेच पाठवली होती. संपादकांचे उत्तर आले: "एक श्रोता आज हे आणि उद्या ते म्हणू लागला तर वाचकांनी कोणावर विसंबावे? परीक्षकाने खऱ्या नावाने सही केल्यास छापू." कंपनीची माणसे नव्या तबकड्यांसाठी गाणी घ्यायला माघात पुन्हा गुलबर्ग्यास येणार आहेत आणि गाणाऱ्यांची नावे पौषाच्या आत नरहररावांकडे जावयाची आहेत. नाव उघड करून चारचौघांसमोर उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नाही. म्हणून सोबत जोडलेली, माझ्या पूर्ण नावाची दुरुस्ती माझ्या मृत्यूनंतर छापण्यास द्यावी.

सहीपूर्वी लिहिलेली पुरवणी. आज दुपारी साक्षीसाठी श्रीपतराव खजुरीहून मोटारीने आले. त्यांच्यासोबत नागूबाईंना मी मुद्दाम बोलावले होते. अण्णांनी हे पत्र प्रथमपासून मोठ्याने वाचले. कलम तीनपाशी ते थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे दोन वर्षं बाररूममध्ये मी माझ्याच लेकीचं वाचून दाखवायलोय?" मग त्यांनी पुढे वाचले, पण आवाज बदललेला होता.

नागूबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. मग माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "म्हंजे त्यो मेला श्रोता तूच व्हय?"

मी मान हलवली.

"आन तू मेल्यावर माजं खरं हुनार? मी बासष्टाची, तू इशीची. तू मराय कवा आन माजं खरं व्हाय कवा? का माज्यासाठी घाई करून मरायलीस?"

श्रीपतराव खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवून हसले. मला हसू आले, रडू आले, आणि मग मी चारचौघांसमोर, स्पष्ट आवाजात, "नाही" म्हटले. कलम आठमधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले आहेत आणि त्यांच्या जागी "आजच्या टपालाने" असे लिहिले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. पाकिटावर पाठविणारीचे नाव पूर्ण लिहिले आहे.

त्यावर नागूबाईंनी विचारले, "मग माजा अंगठा कुठं?"

अण्णांनी समजावले की ज्याला काही मिळावयाचे असते त्याचीच साक्ष असली, तर उद्या कोणीही शंका काढतो. यंत्र घ्यावयाचे असेल तर त्यांनी साक्ष घालू नये. दुसरा साक्षीदार मिळेल.

"मशीन पोरींच्या साळंला द्या," नागूबाई म्हणाल्या. "घरात गायला मी हायेच की. मला त्या कागदावर घ्या."

म्हणून कलम सातमध्ये नागूबाईंच्या जागी मुलींची शाळा असे वाचावे.

वरील सर्व मजकूर मला मान्य आहे. मी बरी होऊन परत आले तर हे पत्र फाडून टाकावे असे आई म्हणते. ते फाडू नये.

गुलबर्गा, सोमवार, दिनांक १२ डिसेंबर १९५५.

सही: अनसूया श्रीनिवासराव निंबर्गीकर

साक्षीदार पहिले: श्रीपतराव, शेतकरी, राहणार खजुरी. सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: नागूबाई, राहणार खजुरी, वय बासष्ट. निशाणी अंगठा.
त्यांनी सांगितले तसे लिहून घेतले: "पोरीनं माज्यासमोर सही केली. तव्यात मीच हाय."
लिहून घेणार: श्रीनिवासराव निंबर्गीकर, वकील.