मुखत्यारपत्रावरचं नाव

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.
वकिलाच्या टेबलाशी, माझ्यादेखत, पुतण्या म्हणाला, "आत्याला कशाला समजावता? मला सांगा. तिला आता कळत नाही." माझ्यादेखत! मुखत्यारपत्रावर सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्याही मारून आणलेल्या. मी शुद्धीवर नसेन तेव्हा माझ्या उपचारांचं हा ठरवणार – शुद्धीवर असतानाच ठरवायला लागला की!

न वाचता सही करायची नाही, हे शाळेत सिस्टरनी पट्टी मारून शिकवलंय. वाचलं. तळाशी बारीक अक्षरात: ऑपरेशननंतर मला "योग्य त्या संस्थेत" ठेवायचं. उठले. "आत्या, तमाशा करू नकोस." तमाशा? अजून पडदाही उघडला नाही, बाळा!

बुधवार, ५.
वकिलाने कोरा नमुना पाठवला. खुब्याचं ऑपरेशन २४ला. नावाची जागा रिकामी.

छत्तीस वर्षं वॉर्डात मेट्रन होते. "पेशंटबरोबर कोण?" कुणी "कोणी नाही" म्हटलं की खेकसायचे – असं कसं कोणी नाही?
असं असतं.

शुक्रवार, ७.
तिघी मैत्रिणींचा विचार केला. एक गेली. एक माझं नाव विसरते. तिसरी फोनवर रडली – स्वतःच्या गुडघ्यासाठी.

शनिवार, ८.
खालच्या मजल्यावरच्या शेजारणीची लेखी तक्रार. अकरा वर्षांतली सतरावी! "वरच्या बाई पहाटे ५.१०ला खुर्ची ओढतात, ५.४०ला खोकतात. खुर्चीच्या पायांना रबर लावावं." बयेला दुसरा उद्योग नाही.

सोमवार, १०.
अंगात ताप. उठवेना. पावणेसहाला दार धडाधडा वाजलं. भिंत धरून उघडलं. खालची! स्वेटर उलटा.
"खुर्ची का नाही ओढलीत?"
"माझी खुर्ची, माझी मर्जी."
"मेलात की काय, बघायला आले."
थर्मामीटर सोबत आणलेला. एकशे एक. डॉक्टरला बोलावते म्हणाली. मी नको म्हटलं.
"बरं. मग कधी बोलवायचं ते तुम्ही सांगा. तेव्हा बोलवेन."
हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

मंगळवार, ११.
खालचीच्या दाराखालून सरकवलं. नक्कल इथे:
"आपल्या सतराही तक्रारी खऱ्या आहेत. सोबत मुखत्यारपत्र. नाव आपलं घातलं आहे. फुल्या मारलेल्या नाहीत. नीट वाचा. हो की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. खुर्चीला रबर लावणार नाही."