चोविसावं फूल

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या भिंगरीचं लग्न ठरलं. मुलगा दातांचा डॉक्टर आहे. बोलतो कमी, आणि हसला की त्याचेच दात जरा पुढे येतात, त्यामुळे मला एकदम आवडला. लग्न अठ्ठावीस फेब्रुवारीला, आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे ना, त्याच्या वरच्या सभागृहात. फार गर्दी नाही, दोन्हीकडची घरची माणसं.

फुलं मात्र तूच करायचीस. दुकान तू तुझ्या हाताखालच्या मुलीला देऊन टाकलंस हे ठाऊक आहे. पण फुलं आत्याची नसतील तर मी लग्नाला उभीच राहणार नाही, असं भिंगरीने जाहीर केलं आहे, आणि तिचा हट्ट तुला माहीत आहे, तुझाच उचललाय.

यादी सोबत जोडली आहे. पस्तीस वर्षं नकाशे काढल्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा हसायचं ते हसून घे. पहिल्या रकान्यात माणूस, दुसऱ्यात नातं, तिसऱ्यात फूल कुठे: कोटावर, मनगटावर की हातात गुच्छ. एकूण तेवीस. नवऱ्या मुलाचे आजोबासुद्धा धरलेत, ज्यांना फुलांनी शिंका येतात, पण वगळलं तर रुसतात म्हणे. फोटो काढणारा तेविसावा. यादी तीनदा तपासली आहे. एक जरी माणूस सुटलेला निघाला तरी कान धरून उठाबशा काढीन.

परवा सगळं दुकान डोळ्यांसमोर आलं. मागच्या खोलीतली ओली फरशी, बादल्यांची रांग, आणि शाळेतून आलो की माझ्यापुढे गुलाबांचा ढीग. काटे काढून काढून मीच काट्या झालो. बादलीतल्या शिळ्या देठांचा वास अजून कुठे आला की मला आई पाठमोरी दिसते, ओले हात पदराला पुसताना. भिंगरीची आई म्हणते, ह्या माणसाला घाणीचीसुद्धा आठवण गोड लागते.

दोन दिवस आधीच ये. वरची खोली रंगवून घेतली आहे. लोभ आहेच, तो पत्रात कमी आणि येण्यात जास्त दिसू दे.

तुझा,
काट्या


२० जानेवारी

चि. काट्यास,
अ. आ.

बातमी वाचून इतकी हरखले की चहा उतू गेला. भिंगरीला सांग, फुलं आत्याचीच असतील. पांढरे गुलाब घेऊ, अर्धवट उमललेले, सोबत नेचा आणि ती पांढरी बारीक फुलं. तिच्या गुच्छात थोडा फिका पिवळा घालीन. आजोबांसाठी बिनवासाचं बघते.

माझे हात आता थरथरतात. तार गुंडाळायला घेतली की देठ एकीकडे आणि तार दुसरीकडे. म्हणून बांधायचं काम दुकानातली मुलगी करील, मी शेजारी स्टुलावर बसून तिचं डोकं खाईन. आदल्या दुपारी सगळी बांधून, ओल्या कागदात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी लावून पेटी भरीन. सकाळी ती स्वतः गाडीने आणून देईल. मी काही येत नाही. चारचौघांत हातातला पेला हिंदकळायला लागला की लोक फुलं सोडून माझ्याकडेच बघतात. रागावू नकोस.

तुझी यादी वाचली, पहिल्या नावापासून तेविसाव्यापर्यंत. अक्षर अजून सुरेख आहे. पण बाबा रे, तपासलेल्या यादीची मला भीती वाटते. तुझ्या लग्नाची यादी आईने केली होती. ती देठ कापत नावं सांगत होती आणि मी लिहीत होते. सत्तावीस फुलं बांधली. लग्नाच्या दिवशी पेटी रिकामी झाली, सगळे सजून उभे राहिले, आणि आईच्या अंगावर काहीच नव्हतं. सगळं गाव आठवलेल्या बाईने स्वतःला मोजलंच नव्हतं, आणि मी, तिची मुलगी, समोर बसून लिहीत असून माझ्या लक्षात आलं नाही. ती हसली. म्हणाली, मला कशाला, माझे हात जन्मभर फुलांतच आहेत. पेटीच्या तळाशी नेच्याचं एक पान उरलं होतं, ते तिने खोचलं. तुला आठवत नसेल, तू नवरदेव होतास, तुला स्वतःच्या बुटांचंही भान नव्हतं. तुझ्या बैठकीतला फोटो नीट बघ.

तेव्हापासून यादी कुणाचीही असो, मी एक फूल जास्तीचं बांधते. त्याला चिठ्ठी नाही. त्यात नेच्याचं एक पान जास्त असतं, बस. एकतीस वर्षांत ते फूल एकदाही परत आलेलं नाही. दर लग्नात कुणीतरी सुटलेलं असतंच. तुझ्या पेटीतही चोविसावं असेल.

लेकीचं लग्न आहे, जेवण वेळेवर घेत जा. माया आहेच, ती काही पेटीत भरून पाठवावी लागत नाही.

ताई


२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो उतरवून खिडकीपाशी नेऊन पाहिला. खरंच पान आहे. एकतीस वर्षं भिंतीवर आहे आणि मला वाटायचं, साडीवरची नक्षी आहे. भिंगरीची आई म्हणाली, तुम्ही नद्या बरोबर काढायचात, घरातलं काही तुम्हाला दिसत नाही.

पण माझ्या यादीला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नाही. लाव पैज. चोविसावं फूल शिल्लक राहिलं तर मी ते स्वतः तुझ्याकडे आणून देईन आणि तू माझ्याबरोबर येऊन महिनाभर राहायचंस. नाही राहिलं, तर मी तुझ्याकडे येऊन महिनाभर बादल्या घासीन. दोन्हीकडून तुझाच फायदा आहे.

तू येत नाहीस हे काही पटलं नाही. पेला हिंदकळला तर अर्धाच भरून देऊ. पुन्हा विचार कर. वरच्या खोलीचा रंग वाळला आहे, पण तुझ्यावाचून ती ओकीबोकी वाटते. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
काट्या


१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लग्न छान झालं. गुच्छ हातात घेतला आणि तुझ्या दुकानात टेबलाखाली बसून पाकळ्या गोळा करायचे ते आठवलं. आजोबांना एकही शिंक आली नाही, त्यामुळे ते जरा हिरमुसले होते.

आता पैजेचं सांगते. बाबा सकाळपासून पेटी काखेत मारून फिरत होते. एकेक चिठ्ठी वाचून फूल लावत होते आणि यादीवर खूण करत होते. तेवीसही झाली. मग त्यांनी सभागृहभर नजर फिरवली, कुणी सुटलंय का ते आईला विचारलं, मला विचारलं, सासऱ्यांना विचारलं. कुणीच नाही. चोविसावं फूल पेटीत एकटं. बाबांची छाती अशी फुगली की कोटावरचं फूल पडतं की काय असं वाटलं. पेटीसकट स्वतःचा फोटो काढून घेतला त्यांनी!

जेवणं झाल्यावर ते जिन्याच्या पायरीवर बसून तुला विजयाचं पत्र लिहायला लागले. वर ती. ताईस असं लिहिलं आणि हात तिथेच थांबला. मी पाहत होते. खिशातून यादी काढली आणि रकान्यांवरून बोट फिरवत खालपर्यंत गेले. पुन्हा वरून सुरुवात केली. मग त्यांनी मला विचारलं, की ही यादी पाठवली तेव्हा ताई येणार नाही असं तिने कळवलं होतं का. मी म्हटलं, नाही बाबा, तुम्हीच तिला त्या पत्रात दोन दिवस आधी ये म्हणून लिहिलं होतंत.

नंतर माझी पाठवणी करताना ते रडले नाहीत, आत्या. त्या यादीपाशी रडले. मीही रडले, कारण यादी मीही वाचली होती. फुलं म्हटली की तू आलीसच, असं आम्ही सगळे धरून चाललो, आणि धरून चालताना तुझं नाव लिहायचं राहिलं.

आज पहाटेच्या पहिल्या बसने बाबा निघालेत, पेटी मांडीवर घेऊन. हे पत्र मिळेल तेव्हा ते तुझ्याकडे पोचलेले असतील. त्यांच्यावर रागव, हवं तर आमच्यावरही रागव, पण ये. माझ्यावरचा लोभ कमी करायचा असेल तर तो इथे येऊन, माझ्या तोंडावर कर.

तुझी,
भिंगरी


४ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अ. आ.

सौ. लिहिताना हसू आलं, अजून मला तू टेबलाखालीच दिसतेस.

तुझे बाबा एक तारखेलाच दारात उभे राहिले, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हाताने कान धरलेला. मी काही म्हणायच्या आत उंबऱ्यातच उठाबशा सुरू केल्या. तिसऱ्या उठाबशीला गुडघा धरला, मग मीच हात देऊन उठवलं. दोघांचेही हात थरथरत होते, त्यामुळे कुणाचे जास्त ते कळलं नाही.

तुला खरं सांगते, हात हे निमित्त होतं. यादी पहिल्यांदा वाचली तेव्हाच पाहिलं होतं की मी त्यात नाही. मला लागलं. फार लागलं. मुद्दाम सांगितलं नाही, म्हटलं बघू कुणाला आठवते का, आणि येण्याचं रद्द केलं. या वयात असला रुसवा शोभत नाही, पण होता खरा. आणि तेव्हा मला आईचं कळलं. मला कशाला, असं ती हसत म्हणाली, आणि मी एकतीस वर्षं तेच खरं धरून बसले. तिलाही हवं होतं गं. कुणाला नको असतं!

फूल कडेने पिवळं पडलंय, नेचा मात्र हिरवा आहे. काट्याने स्वतःच्या हाताने लावलं. वाकडं लावलं, टाचणीही टोचली, पण मी सरळ केलं नाही. बसमध्ये बसून त्याने नकाशातल्या त्या सुबक अक्षरात एक चिठ्ठी लिहून देठाला बांधली होती. तिच्यावर फक्त ताई, एवढंच.

उद्या दुपारच्या बसने आम्ही दोघं निघतो. फूल लावूनच येणार आहे. सुकलेलं फूल का लावलंय असं कुणी विचारलं तर सांगीन, माझ्या नावाचं आहे.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहेच. तुमचा माझ्यावर आहे, हेही ठाऊक आहे. तरी एकदा लिहून ठेवा.

तुझी,
आत्या