शबाना आपांची वही

मंगळवार, संध्याकाळ

क्लाउडवरचा बंद पडलेला सर्व्हर बॅकअपवरून परत उभा केला. वाळूजच्या कंपनीत सगळे खूश. पण बॅकअप रविवारचा. तपासणी विभागातल्या शबाना आपांनी सोमवारी दिवसभर भरलेली पार्टची मापं गेली. जुना बॅकअप चढवण्याआधी बिघडलेल्या सर्व्हरची एक कॉपी ठेवायला काय झालं होतं मला?

सवयीनं विचारलं, "आपा, तुमच्या वहीत असतील ना?"

"वही तर तुम्हीच बंद करायला लावली, सर."

व्हय, मीच. "आता सगळं क्लाउडवर असतं," असं हसत म्हणालो होतो. आपा रागावल्या पण नाहीत. चष्मा लावला अन् कालचे पार्ट पुन्हा मोजायला बसल्या.

उद्या नवी वही न्यायची. पण त्यांच्या हातात देऊ कोणत्या तोंडानं?