धक्का मारा!

प्रिय सिस्टरबाई,

वॉर्डात आणखी थांबायला माणसं हवी आहेत, पण घरी लेकीचे हाल होत असतील तर मी परत येते, असं तू काल फोनवर म्हणालीस. मी नुसतं ‘बघू’ म्हणून विषय टाळला. आपली लेक, भोंगाबाई, शेजारीच कान टवकारून बसली होती, तिच्यासमोर काय बोलणार? म्हणून हे पत्र.

आधी वाईट बातमी. सुरुवातीला आमचा पार बट्ट्याबोळ झाला होता. लॉकडाऊनमुळे तिची शाळा बंद, माझी बस डेपोत, आणि आम्ही दोघं दाराला कडी लावून घरात. तुझी लेक दुपारी उठायची. दात घास म्हटलं की, “कुणाला दाखवायचेत?” मोबाइल समोर असल्याशिवाय घास गिळायची नाही. तिच्या डोळ्यांखालचं काळं तुला व्हिडिओवर दिसलं, ते खरंच होतं गं.

मग मी अक्कल चालवली. बाहेरच्या खोलीत खुर्च्या एकामागे एक लावून बस केली. मी ड्रायव्हर, ती कंडक्टर. पण आयुष्यभर बसून नोकरी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आगीतून फुफाट्यात! पलंगावर लोळणारी पोरगी आता बिस्किटांचा पुडा घेऊन बसमध्ये बसू लागली, एवढाच फरक.

एके सकाळी मात्र कंडक्टरबाईंनी घंटी मारली आणि जाहीर केलं, “बस बंद पडली! सगळे खाली उतरा, धक्का मारा!” ड्रायव्हर कधी उतरत नसतो, असं मी समजावून पाहिलं. “बाबा, तू पण!” मग काय, खुर्च्या ढकलत आमची वरात स्वयंपाकघरापर्यंत गेली. दोघांनाही घाम फुटला, आणि त्या दिवशी तिने मोबाइल न मागता ताटातली भाजी संपवली. मी हातात डाव घेऊन बघतच राहिलो.

तेव्हापासून आमची बस रोज बंद पडते. खालच्या काकांनी आवाजाची तक्रार केली, तर हिने खुर्च्यांच्या पायांना मोजे घातले. तुझेच आहेत, शोधत बसू नकोस. दात घासल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही, हा नियमही तिचाच. मला एकदा खाली उतरवलंय. जेवणं झाली की बस डेपोत आणि बाईसाहेब अंथरुणात. मोबाइल अजून मागते, खोटं कशाला सांगू? पण आपण होऊन ठेवतेही. अभिमानाने ऊर भरून येतो बघ.

काल फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “आईच्या हॉस्पिटलची पण बस बंद पडलीय ना? मग तिला ढकलू दे की.” माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांकडून: इतक्यात येऊ नकोस, थांब तिथेच. माझ्या मागची पहिली खुर्ची तुझी आहे. तिच्यावर लेक कुणालाच बसू देत नाही, बिस्किटांचा पुडासुद्धा ठेवू देत नाही.

तुझाच,
ड्रायव्हर (सध्या धक्क्याच्या ड्युटीवर)