येते हं

सोमवार, ४
नोकरीचा पहिला दिवस आणि या वहीचाही. दोन्ही टिकोत.

ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. जिन्यात नव्या रबराचा वास येतो. आत टेबलं आहेत, पडदे नसलेल्या खिडक्या आहेत आणि एक कॉफीचं मशीन आहे, जे कॉफी सोडून बाकी सगळं करतं, म्हणजे खाकरतं, कण्हतं, थुंकतं. आमचं काम ऑनलाइन जाहिराती लिहायचं. उशा, कढया, केसांचं तेल, गिऱ्हाईक आणील ते. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. ती डावीकडे जरा कललेली आहे, आधी बसणारीची सवय असणार.

शेजारी डिझाइन करणारे गृहस्थ बसतात. भिंगं इतकी जाड की मी मनातल्या मनात त्यांचं नाव चष्मेबहाद्दर ठेवून टाकलं. त्यांनी सासूबाईंची ओळख करून दिली. सासूबाई म्हणजे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमधला पहारा. किती टाइप केलं, हात किती वेळ थांबला, सगळं मोजतात आणि अधूनमधून स्क्रीनचा फोटोही काढतात. प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. हिरवा म्हणजे काम चालू, पिवळा म्हणजे टंगळमंगळ, राखाडी म्हणजे घरी गेली. खरी सासू मी दोन वर्षं सोसली, ही तर नुसती मोजते.

महिनाअखेरीला साहेब आकडे बघून कायम करायचं की नाही ते ठरवणार. कायम झाले की खारूला आणायची. माझी लेक सध्या दादा-वहिनीकडे आहे. फोनवर विचारत होती, तिथे माझी शाळा आहे का. आहे गं बाई, ऑफिसच्या खिडकीतून दिसते.

बुधवार, ६
घरी निघताना सासूबाईंना निरोप द्यावा लागतो. एक चौकट उघडते, तीत शब्द टाकायचा, मग ठिपका राखाडी होतो. सगळे 'जातो', 'जाते' असं लिहितात. मला हे नवीन. आमच्या घरात निघताना 'जाते' म्हटलं की आई उंबऱ्यातून परत बोलवायची आणि 'येते' म्हणवून घेतल्याशिवाय सोडायची नाही. सवयीने माझ्या बोटांनी 'येते' लिहून टाकलं.

चष्मेबहाद्दर खुर्चीतून अर्धे उठलेच. म्हणाले, असं लिहू नका, यंत्राला आपले शब्द कळतात, रीत कळत नाही. 'येते' म्हटलं की त्याला वाटतं बाई येतायत, आणि ठिपका हिरवाच राहतो. मी म्हटलं, मग काय वाईट, फुकटचा हिरवा! ते हसले नाहीत. पुसायला सांगत होते, पण चौकट तोवर मिटली होती.

मंगळवार, १२
माझे आकडे चढलेत. चढू देत, पण कसे?

माझ्या नावावर अशा जाहिराती आहेत ज्या मी लिहिल्याचं मला आठवत नाही. "उशी मऊ आहे, पण आळशी करणार नाही हं." "तेल लावा, पण उशीवर डाग नको हं." गिऱ्हाइकं खूश. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या आणि मी वेड्यासारखी हसत उभी राहिले. मी कधी 'हं' लिहीत नाही.

चष्मेबहाद्दरांना आडवळणाने विचारलं, मदत करताय का म्हणून. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, 'हं' आधीचीचं. ऑफिसात सगळे तिला आधीची म्हणतात, नाव कुणी घेत नाही. एका संध्याकाळी बरंच काम उरलं होतं. पाच मिनिटांत चहा पिऊन परत यायचं म्हणून तिने चौकटीत 'येते हं' लिहिलं आणि खाली धावली. चौकात टेम्पोने उडवलं. ती गेली, ठिपका मात्र हिरवाच राहिला. शेवटी साहेबांनी तिचं नाव पुसलं आणि त्याच जागी माझं घातलं.

मग आकड्यांची यादी पाहिली. सगळ्यात वर मी.

बुधवार, २०
खरं लिहायचं तर मी रोज 'येते'च लिहिते. जाणूनबुजून. खारूसाठी लिहिते, आणि त्यात मला लाज वाटत नाही असं मी स्वतःला सांगते.

सकाळी येते तेव्हा खुर्ची ऊबदार असते. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. आधी मी फडक्याने पुसायचे, आता तशीच बसते.

एक गोष्ट मात्र खटकते. मी टाइप करते तेव्हा ठिपका पिवळा होतो. पाणी प्यायला उठले की हिरवा.

शनिवार, ३०
कायम झाले! साहेबांनी स्वतः हात मिळवला. म्हणाले, तुमच्या लिहिण्यात माया आहे. उद्या खारू येणार. तिच्यासाठी पिवळी चादर आणली, खिडकीतली कुंडी सरकवून तिच्या पुस्तकांना जागा केली. आनंदाने रडू आलं.

वहिनीला कळवायला फोन केला तर ती म्हणाली, किती वेळा सांगशील, संध्याकाळीच नाही का फोन केलास? आणि काय गोड बोललीस, म्हणे, खारूला न्यायला मीच येते हं.

मी फोन केला नव्हता.

बुधवार, ४
खारू आली. घर भरलं. शाळा सुरू झाली. दप्तर अजून कोरं करकरीत आहे.

काल जेवताना म्हणाली, आई, तू शाळेच्या फाटकाशी येतेस ना मधल्या सुट्टीत, तेव्हा जास्त छान बोलतेस. मधल्या सुट्टीत मी खुर्चीत असते. निदान मला तरी तसं वाटतं.

आता पुरे. आकडे गेले खड्ड्यात. नोकरी जाईल तर जाऊ दे, दुसरी बघीन. माझ्या पोरीपाशी कुणी यायचं नाही.

संध्याकाळी चौकटीत लिहिलं — जाते.
ठिपका हिरवा.
पुन्हा लिहिलं. जाते. जाते.
हिरवाच. मग चौकटीत, माझ्या शब्दाखाली, आपोआप अक्षरं उमटली —
बरं. जा हं.

शुक्रवार, ६
माझ्या कार्डाने ऑफिसचं दार उघडत नाही. काल एकदाच अडकलं होतं, आज मुळीच नाही. चष्मेबहाद्दर जिना चढून आले, मी हाक मारली. थांबले, माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, आणि कुणाला भेटायचंय ते विचारलं. मी सांगत होते, अहो, मीच — दार त्यांच्यामागे लागलं.

काचेतून दिसलं. माझ्या खुर्चीत कुणीतरी आहे. डावीकडे कललेलं. माझाच निळा ड्रेस. साहेब तिच्याशी बोलत हसतायत.

स्क्रीनवर माझं नाव. हिरवं.

शुक्रवार, दुपार
शाळेत पळत गेले. बाईंनी वहीतून मान वर केली. म्हणाल्या, खारूची आई आत्ताच घेऊन गेली तिला. आपण कोण?

आपण कोण.

मीच ना ते लिहिलं? 'जाते'. तीनदा. माझ्या हाताने. एक नाव, एक ठिपका — एक यायची, एक जायची — आई, तू परत का नाही बोलावलंस मला उंबऱ्यातून —

शुक्रवार, संध्याकाळ
माझ्याच घराच्या जिन्यात बसलेय. किल्ली फिरत नाही, आतून कडी आहे. ऊन अजून भिंतीवर आहे. आत भांड्यांचा आवाज. खारू हसतेय. पोट धरून हसतेय, माझ्याजवळ अशी कधी —

बेल दाबली.

खारूने विचारलं, आई, कोण आहे गं दारात?
उत्तर आलं. माझ्याच आवाजात.
कुणी नाही हं. आधीची असेल.

पुन्हा दाबली. दाबतेच आहे. बोट दिसत नाहीये नीट, ऊन त्यातून पलीकडे —

पावलं. छोटी. खारूची. कडीशी आलीय. विचारतेय, तुम्ही कोण?

लवकर. ती ओढून नेईल तिला. काय म्हणू? 'आले' म्हणू तर आले कुठे — 'खारू, मी' म्हणू तर कोणती मी — बाळा, उघड, मी ये