तुळशीपर्यंतची काळी खडी

जळगाव, मे महिना, मंगळवार. सकाळी कामावर नशिराबादला गेले, दुपार कलल्यावर परत आले. जेवले नाही.

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहितेय. दुसऱ्या कुणाला हे सांगता येईना. मी लोकांच्या अंगणात खडीच्या बागा करते. इथे हिरवळीला पाणी कुठून आणायचं? म्हणून खडी पसरायची, मधून वाट काढायची आणि कोरफड, घायपात, बोगनवेल अशी थोड्या पाण्यावर तगणारी झाडं लावायची. नशिराबादच्या एका बंगल्यात मी स्वयंपाकघराच्या दारापासून तुळशीपर्यंत काळ्या खडीची वाट केली. काळ्यावर कोरफड उठून दिसते, एवढाच विचार केला.

आज झाडं बघायला गेले तर मालकांची आई, त्यांना सगळे अक्का म्हणतात, भर उन्हात अनवाणी त्या वाटेने तुळशीकडे निघालेल्या. मी ओरडलेच, "अक्का, चपला!"

"तुयशीजोळ चपला घालीसन जाऊ? काही होत नही मले, माय."

मालक हसले. "मॅडम, आमची आई तापलेला तवापण हाताने उचलते. शुगर झाल्यापासून तर तिला काही लागतच नाही."

अक्कांना ओट्यावर बसवून तळवा पाहिला. मोठा फोड फुटला होता आणि त्यात खडीचा कण रुतलेला. अक्कांनी वाकून पाहिलं. "हे कव्हा झालं व?" त्यांनी मलाच विचारलं.

आबा, त्या क्षणी मी मनाने आपल्या धुळ्याच्या घरात होते. तुम्ही कचेरीतून आलात, मी तुमचा बूट काढतेय, बुटात खिळा वर आलेला. शुगरने तुमचेही पाय बधिर झालेले, दिवसभर तुम्ही त्यावर चाललात. मोजा लाल झालाय आणि तुम्ही म्हणता, "अगं, रंग लागला असेल कुठेतरी." पुढे पाय कापला, तेव्हाही मलाच समजावत होतात. पुढची दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत.

मालक अक्कांना दवाखान्यात न्यायला गाडीत बसवताना म्हणाले, "एवढं काय घाबरता? मलम देतील." ते गेल्यावर मी खडीवर हात ठेवला. ठेववेना. पाणी मुरेल का, मुळांना हवा मिळेल का, सगळं पाहिलं होतं. दुपारी त्या वाटेवर पाय ठेवून मात्र कधी पाहिलं नव्हतं, आणि तुळशीला आपल्याकडे कुणी चपला घालून जात नाही हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? फावडं घेतलं आणि खालची माती लागेपर्यंत वाट उपसली. मालकांना विचारलंही नाही.

फोड भरेलही. रोज किती लोकांचे भरतात. पण मला तुमचाच पाय दिसतो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहवलं. एक सांगते. मघाशी मालकांचा फोन दोनदा आला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगायलाच असणार. मी उचलला नाही. पालथा घालून ठेवला.

कूलरमधलं पाणी संपलंय. बादली घेऊन उठते. एवढा कूलर भरते आणि मग फोन लावते.